तीन नंबरच्या खोलीचं कार्ड

पॉलिटेक्निकच्या वहीत दोन रकाने होते.
डावीकडे निष्क्रिय : रोधक, धारित्र, वेटोळं.
उजवीकडे सक्रिय : ट्रान्झिस्टर, आयसी,
आणि त्यांच्याखाली सरांनी दोनदा ओढलेली रेघ.
प्रश्न चार गुणांचा. मला चारही मिळाले.

सावद्याला सुभान तडवींच्या दुकानात रकाने नव्हते.
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत सगळे एकत्र,
मेलेल्या टीव्हीतून, इन्व्हर्टरमधून, स्टार्टरमधून
उपटून आणलेले,
पाय वाकडे, अंगावरचे रंगीत पट्टे पुसट.

मे महिना. बाहेर सेहेचाळीस.
झोपे शेठच्या रायपनिंगला चार खोल्या,
एकेकीत दहा टन केळी, सोळा डिग्रीवर निजवलेली.
आणि तीन नंबरच्या दाराशी पॅनेलमध्ये रिले
टकटकटकटक,
हुडहुडी भरल्यासारखा दात वाजवत.
कॉम्प्रेसर धड चालेना, धड थांबेना.
साल अजून हिरवीच,
आत गर शिजत चाललेला.

"चिप गेली," शेठ म्हणाले.
आधीच्या मेकॅनिकने ती दोनदा बदलली होती,
पुण्याहून मागवून, पैसे आगाऊ भरून.
मीही म्हटलं, चिपच असेल.
विचार करणारी तीच ना.

तडवीकाकांनी चष्मा कपाळावर ढकलला.
मीटर काढायच्या आधी कार्डाचा वास घेतला.
"मेन बंद हाय ना?"
अर्धा तास झाला काका, म्हणत मी
कॉम्प्रेसरच्या स्टार्ट कपॅसिटरला हात लावला.

खांद्यापर्यंत.

भिंतीला टेकून बसले. केळीचा गोड वास,
जिभेवर तांब्याची चव.
काका हसले नाहीत. पाणी दिलं,
स्क्रूड्रायव्हरने त्याची दोन टोकं जोडली,
ठिणगी उडाली, फट्.
"ह्याचा चार्ज जिरवनारा रोधक कव्हाच जळेल हाय.
कोनाले कळलंबी नाही."
मग जरा थांबून,
"कोन्या रकान्यात व्हता हा, पोरी?"

खरा दोष कार्डाच्या कोपऱ्यात होता.
करंगळीच्या पेराएवढा, टोपी फुगलेला, दोन रुपयांचा.
नऊ उन्हाळ्यांनी त्याच्या आतलं पाणी पिऊन टाकलेलं.
रिले ओढला की सप्लाय क्षणभर खचायचा.
तेवढा क्षण हा तोलून धरायचा, इतकंच त्याचं काम.
आता धरवत नव्हतं.
चिप दचकून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायची,
रिले सुटायचा, पुन्हा ओढायचा, पुन्हा खचायचा.
आणि बदलली जात होती ती चिप.

सोल्डरचा धूर वर गेला. काका स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले,
"तुमचा ट्रान्झिस्टर म्हंजे पाटचारीवरचा दारवाला.
बोटाएवढं जोर लावतो न् वावरभर पानी सोडतो.
त्याले कमी नाही म्हनत मी. त्याच्याबिगर वावर कोरडंच.
पन पानी हतनूरचं, भो.
दारवाल्याच्या घरचं नाही."

मेन चालू केला.
टक्.
एकदाच.
मग कॉम्प्रेसरचा जाड, सलग आवाज,
आणि आम्ही दोघं आकड्याकडे बघत उभे :
चोवीस, तेवीस पॉइंट आठ.
एवढ्या हळू उतरणारा आकडा
मी आधी कधी मन लावून पाहिला नव्हता.

शेठनी विचारलं, काय गेलं होतं?
काकांनी माझ्याकडे पाहिलं, बिलबुक काढलं
आणि लिहिलं : चिप रिपेअर, साडेसातशे.
"दोन रुपयाचं नाव सांगतलं," रस्त्यावर आल्यावर म्हणाले,
"त दोनच रुपये भेटतीन."

फुगलेला कपॅसिटर मी ओढणीच्या टोकाला बांधला होता.
हात अजून मुंग्या येऊन जड.
काकांच्या लुनावर मागे बसून येताना
पाटचारी लागली. दार बंद होतं.
दारापाशी कोणी नव्हतं.
पाणी फळीला टेकून उभं,
हलत नव्हतं,
आणि फळी मधोमध
किंचित पोक काढून.